दोन पुरुषांच्या प्रेमाचे आशियाई सिनेमे: सुरुवात कुठून करायची आणि बघायचे कसे

आशियाई सिनेमात दोन पुरुषांमधलं प्रेम बघायचंय, कुठून सुरू करू, असं कुणी विचारलं की नव्वद टक्के लोक पहिलं नाव घेतात हॅपी टुगेदर. सिनेमा थोर आहे, मला अतिशय प्रिय आहे, पण नवख्या माणसाला पहिलाच तो दिला की बरेच जण अर्ध्यात सोडतात, दोन माणसं परक्या देशात भांडतायत, पुन्हा एकत्र येतायत, पुन्हा भांडतायत, आणि हे सगळं का चाललंय तेच कळत नाही. मग त्यांचं मत होतं की हे सिनेमे आपल्यासाठी नाहीत. म्हणून हा लेख. ज्यांनी यातलं काहीच बघितलेलं नाही किंवा एखाददुसरा बघून गोंधळलेत त्यांच्यासाठी, एकेक पायरी करत.

आधी एकच गोष्ट सांगते, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या सिनेमांमध्ये दोघांकडे बघाच, पण तिसऱ्या माणसाकडे जास्त लक्ष द्या. आई, बायको, बाप, मुलगा, घरमालकीण, कुणीतरी तिसरं माणूस त्या खोलीत असतंच, आणि खोलीत नसलं तर फोनवर असतं, नाहीतर मनात असतं. पाश्चात्त्य सिनेमात पुष्कळदा नायक घर सोडतो आणि तिथून गोष्ट सुरू होते. इथे घर सुटत नाही. सुटलं तरी पाठीमागून येतं.

पायरी १: पहिला सिनेमा नीट निवडा

माझं उत्तर ठरलेलं आहे, आंग ली यांचा १९९३ चा द वेडिंग बँक्वेट. न्यूयॉर्कमध्ये राहणारा तैवानी वाय-तुंग, त्याचा जोडीदार सायमन, आणि तैवानमधून सतत लग्नाचा लकडा लावणारे आईवडील. वडील सैन्यातून निवृत्त झालेले, तब्येतीने खचलेले. तोडगा म्हणून वाय-तुंग आपल्या भाडेकरू चित्रकार मुलीशी खोटं लग्न करायचं ठरवतो, तिलाही तिथे राहायला कागदपत्रं हवीच असतात, आणि आईवडील लग्नाला हजर होतात. मग खोटं लग्न खऱ्यापेक्षा मोठं होत जातं. विनोदी आहे, वेग आहे, दोन तासांच्या आत संपतो, आणि बघता बघता तुम्हाला कळतं की हा सिनेमा त्या म्हाताऱ्या वडिलांचा सुद्धा आहे. शेवटी विमानतळावर तपासणीसाठी ते दोन्ही हात वर करतात तो क्षण पुन्हा मागे घेऊन बघा, बापाचं हरणं आणि मान्य करणं एकाच हालचालीत आहे आणि तोंडातून एक शब्द नाही. बर्लिन महोत्सवात याला गोल्डन बेअर, म्हणजे तिथलं सर्वोच्च पारितोषिक, मिळालं होतं, एका चिनी सिनेमाबरोबर विभागून. २०२५ मध्ये याच नावाने नवा सिनेमा आलाय, शोधताना वर्ष बघून घ्या, आधी जुना बघा.

ज्यांना सबटायटल वाचायचा कंटाळा आहे त्यांनी सरळ सबर बोंडं बघावा. रोहन परशुराम कानवडे यांचा मराठी सिनेमा, २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक सिनेमाच्या कथापट विभागात सगळ्यात मोठं पारितोषिक मिळालं. वडील गेल्यावर आनंद दहा दिवसांसाठी गावी येतो, नातेवाईक लग्नाचा विषय सोडत नाहीत, आणि लहानपणीचा मित्र बाळ्या पुन्हा भेटतो. भाषा आपली, सुतकातले नियम आपले, त्यामुळे न सांगितलेलं सुद्धा आपल्याला आपोआप ऐकू येतं, आणि हा फायदा जगातल्या बाकीच्या प्रेक्षकांना नाही. यातली आई बघा. तिला माहीत आहे, आणि ती मुलाच्या बाजूने उभी आहे, तिच्या पद्धतीने, लोकांच्या प्रश्नांना आडवी जात. आशियाई सिनेमात अशी आई फार कमी सापडते.

कुणाला प्रेमकथा नकोच असेल, आधी जरा लांबून बघायचं असेल, तर कोरे-एदा यांचा मॉन्स्टर, जपान, २०२३. दोन शाळकरी मुलांची जवळीक, आणि तीच घटना आधी आईच्या नजरेतून, मग शिक्षकाच्या, मग मुलांच्या स्वतःच्या. पहिल्या अर्ध्या तासात तुम्ही कुणावर तरी राग धरून बसाल आणि नंतर तो राग सोडून द्यावा लागेल. फ्रान्सच्या कान महोत्सवात पटकथेचं पारितोषिक मिळालं आणि क्विअर पामही, म्हणजे समलिंगी विषयांवरच्या सिनेमासाठीचा तिथला पुरस्कार. संगीत र्‍युइची साकामोतो यांचं, त्यांचं सिनेमासाठीचं शेवटचं काम. हे साकामोतो पुढे परत भेटणार आहेत.

पायरी २: तिसरा माणूस शोधा

आता ही सवय लावायची. सिनेमा सुरू झाला की मनात एक प्रश्न ठेवा, या दोघांच्या मध्ये कोण उभं आहे आणि त्या माणसाचं काय जाणार आहे?

तैवानचा डिअर एक्स, २०१८. बाई विधवा झालीय, नवरा आधीच घर सोडून एका पुरुषाबरोबर राहायला गेला होता, आणि आता कळतं की विम्याच्या पैशाचा वारस म्हणून त्याने त्या पुरुषाचं नाव लिहिलंय. बाई भांडायला जाते, आणि तिचा वयात येणारा मुलगा चिडून त्या माणसाकडेच राहायला जातो. आरडाओरडा आहे, पडद्यावर मुलाने रंगवल्यासारखी चित्रं आहेत, आणि हळूहळू कळतं की त्या मेलेल्या माणसावर दोघांनीही खरंखुरं प्रेम केलं होतं आणि दोघंही दुखावलेत. बायकोचं काम करणाऱ्या शिए यिंग-श्वेन यांना गोल्डन हॉर्स हा तैवानचा मोठा सिने-पुरस्कार मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता, कारण अशा गोष्टीत बायको नेहमी एकतर खलनायिका असते नाहीतर कोपऱ्यातली बिचारी, इथे ती पूर्ण माणूस आहे.

मग डिअर टेनंट, तैवानचाच, २०२०. जोडीदार गेल्यावर हा माणूस त्याच्या आजारी आईची सेवा करतो आणि त्याच्या लहान मुलाला वाढवतो, पण जगाच्या लेखी तो कोण? गच्चीवरचा भाडेकरू. म्हातारी वारते, घराचा विषय निघतो, आणि सगळे संशयाने बघायला लागतात. थायलंडचा द पॅराडाइज ऑफ थॉर्न्स, २०२४, तिथे दोघांनी मिळून डुरियनची बाग उभी केली, एक जण अचानक गेला, आणि कायद्याने लग्न नसल्याने बाग गेली त्याच्या आईकडे. मग जो झगडा होतो तो भयंकर आहे, यातला कुणीच धुतल्या तांदळासारखा नाही.

हे तीन ओळीने बघितलेत तर एक गोष्ट डोळ्यात भरते. इथे प्रेम सिद्ध करायला प्रेमपत्र चालत नाही, कागद लागतो. विम्याचा, जमिनीचा, दत्तकाचा. लग्नाचा हक्क नाही म्हणून माणसं दुसऱ्या कुठल्यातरी कागदावर नातं लिहून ठेवतात आणि तो कागद वादात सापडतो. ही मला या सिनेमांची सगळ्यात जमिनीवरची बाजू वाटते, आणि रडवणारी सुद्धा.

हाँगकाँगचा सुक सुक, २०१९, इथे दोघंही म्हातारे. एक टॅक्सी चालवणारा, बायको मुलं नातवंडं असलेला, दुसरा निवृत्त, धार्मिक मुलाच्या घरात राहणारा. दोघांनी आयुष्यभर कष्ट करून घर उभं केलंय आणि त्या घरात स्वतःलाच जागा ठेवलेली नाही. रे यंग यांनी हे इतक्या शांतपणे घेतलंय की कुणावरच आरोप नाही, बायकोवर नाही, मुलांवर नाही. टॅक्सीवाल्याच्या बायकोला किती कळलंय हे तुम्ही तुमच्या मनाशी ठरवा, तिच्या चेहऱ्यावर सगळं आहे.

आणि मल्याळम काथल द कोअर, २०२३, जिओ बेबी यांचा. मामूट्टी निवडणुकीला उभे, आणि ज्योतिका, म्हणजे त्यांची बायको, घटस्फोट मागते, कारण नवरा समलिंगी आहे. मामूट्टींसारख्या एवढ्या मोठ्या नटाने ही भूमिका केली आणि सिनेमाची निर्मितीही केली, हे मोठं काम आहे, माझ्या मते भारतीय सिनेमात याचा परिणाम पुढे बरीच वर्षं दिसेल. ज्याच्यावर प्रेम आहे तो माणूस पडद्यावर फारच कमी दिसतो, आणि हा दोष नाही, आयुष्यात त्याला जेवढी जागा होती तेवढीच दाखवलीय.

जपानचा इगोइस्ट सुद्धा याच रांगेत बसतो. तिथे दुसऱ्या अर्ध्यात जे नातं उरतं ते जोडीदाराच्या आईशी. बाकी सांगत नाही, बघा.

पायरी ३: वर्ष आणि देश बघितल्याशिवाय प्ले दाबू नका

हे अभ्यासासारखं वाटेल पण दोन मिनिटांचं काम आहे आणि सिनेमा पूर्ण वेगळा दिसतो. तीन गोष्टी बघायच्या, गोष्ट कधी घडते, सिनेमा कधी आला, आणि त्या वेळी तिथला कायदा काय होता.

सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या जवळचंच आहे, हन्सल मेहता यांचा अलिगढ. प्राध्यापक श्रीनिवास रामचंद्र सिरस, अलिगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवायचे, कवी होते. त्यांच्या घरात घुसून चित्रीकरण केलं गेलं आणि विद्यापीठाने त्यांनाच निलंबित केलं. हे घडलं २०१० मध्ये, म्हणजे दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ सैल केल्यानंतर, त्या वेळी तो गुन्हा नव्हता. पुढे २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, आणि सिनेमा थिएटरमध्ये लागला २०१६ ला, तेव्हा तोच गुन्हा पुन्हा कायद्यात बसलेला. ६ सप्टेंबर २०१८ ला तो कायमचा गेला. आता हे डोक्यात ठेवून मनोज बाजपेयी बघा, रात्री एकटे, हातात ग्लास, लताबाईंचं गाणं लावलंय आणि डोळे मिटून गुणगुणतायत, कॅमेरा हलत नाही. त्या काळात थिएटरमध्ये बसलेल्या कितीतरी लोकांसाठी ती खोली म्हणजे त्यांची स्वतःची खोली असणार. मराठी माणसाने हा सिनेमा चुकवू नये असं मला मनापासून वाटतं.

तैवान बघा. लष्करी कायदा उठला १९८७ ला, समलिंगी विवाह कायदेशीर झाला २४ मे २०१९ ला, आशियात सर्वात आधी. आणि २०२० ला आला युअर नेम एन्ग्रेव्हड हिअरइन, गोष्ट नेमकी १९८७ ची, मुलांच्या कॅथलिक शाळेतली. बाहेर देश मोकळा होतोय आणि वसतिगृहात दोन मुलांना एकमेकांकडे बघायची सुद्धा भीती. लग्नाचा कायदा झाल्यावर मागे वळून ही गोष्ट सांगितलीय, म्हणून तिच्यात राग कमी आणि हळहळ जास्त आहे. तैवानमध्ये तुफान चालला.

चीनची गोष्ट वेगळी. तिथे असे सिनेमे परवानगीने होतच नाहीत असं म्हटलं तरी चालेल, जे झाले ते चोरून. स्टॅन्ली क्वान यांचा लान यू, २००१, इंटरनेटवर निनावी लेखकाने टाकलेल्या कादंबरीवरून, बीजिंगमध्ये परवानगीशिवाय चित्रित केला. श्रीमंत व्यापारी आणि गावाकडून आलेला गरीब विद्यार्थी, व्यवहाराने सुरू झालेलं नातं. त्यात १९८९ ची ती जूनची रात्र येते, तिआनआनमेन चौकातल्या आंदोलकांवर लष्कर सोडलं ती, आणि व्यापारी त्याला शोधत फिरतो, तोपर्यंत त्याला स्वतःलाच कळलेलं नसतं की हा आपल्यासाठी कोण आहे. आणि लू ये यांचा स्प्रिंग फीव्हर, २००९. आधीच्या सिनेमासाठी त्यांच्यावर पाच वर्षं सिनेमा करायची बंदी होती, तरी त्यांनी नानजिंगमध्ये छोट्या डिजिटल कॅमेऱ्यावर हा केला, आणि कानला पटकथेचं पारितोषिक घेऊन गेला. चित्र अंधारं, थरथरतं दिसलं तर तुमच्या टीव्हीची सेटिंग्ज बदलू नका, ते तसंच आहे, लपून केलेलं काम आहे ते.

व्हिएतनामचा व्हिएत अँड नाम, २०२४, कोळशाच्या खाणीतले दोन तरुण, स्वतःच्याच देशात त्यावर बंदी आली. इंडोनेशियाचा मेमरीज ऑफ माय बॉडी, २०१८, काही शहरांत दाखवू दिला नाही आणि देशाने ऑस्करला मात्र तोच पाठवला. थायलंडमध्ये विवाह समानतेचा कायदा २३ जानेवारी २०२५ पासून लागू झाला, म्हणजे वर सांगितलेल्या डुरियनच्या बागेची गोष्ट त्याच्या जेमतेम आधीची, बघताना हे लक्षात असू द्या.

पायरी ४: संथ सिनेमांची भीती घालवा

इथे बहुतेक जण अडकतात. एवढं हळू का, कुणी बोलत का नाही.

बोलत नाहीत कारण बोलण्याची सोय नाही. मग बोलणं कुठे जातं? हातात, जेवणात, वस्तूंमध्ये. तेव्हा तिथे बघा. कोण कुणाला वाढतंय, कोण कुणाची जखम पुसतंय, कोणती वस्तू पुन्हा पुन्हा दिसतेय. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, खरंच ठेवा, कारण या सिनेमात महत्त्वाची गोष्ट अडीच सेकंदात होऊन जाते आणि कुणी तिची घोषणा करत नाही.

आता घ्या हॅपी टुगेदर. वाँग कार-वाय, १९९७, याच सिनेमासाठी त्यांना कानला दिग्दर्शनाचं पारितोषिक. हाँगकाँगचे दोघं, टोनी लिअंग आणि लेस्ली च्यूंग, पार अर्जेंटिनाला पोचलेत, इग्वासूचा धबधबा बघायला निघाले, रस्ता चुकले आणि वेगळे झाले. खोलीत एक दिवा आहे, त्यावर त्याच धबधब्याचं चित्र. तो दिवा बघत राहा, सबंध नातं त्या दिव्यात आहे. लेस्लीच्या हातांना दुखापत होते आणि टोनी त्याला भरवतो, पुसतो, सांभाळतो, मनातून त्याला वाटत असतं की हे हात बरेच होऊ नयेत. स्वयंपाकघरात दोघं टँगो नाचतात तेवढ्या काही मिनिटांसाठी तरी हा सिनेमा बघाच. आणि तिसरा माणूस? इथेही आहे, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, हाँगकाँगमध्ये, टोनीचे वडील, ज्यांची माफी मागायचीय आणि शब्द जुळत नाहीत. हाँगकाँग ब्रिटिशांकडून चीनकडे जायच्या जेमतेम आधी हा सिनेमा आलाय, घरी परत जायचं म्हणजे नेमकं कुठे जायचं हा प्रश्न त्या वेळी सगळ्या शहरालाच पडलेला होता. दुसरी पायरी करून इथे आलात की हा सिनेमा कोडं वाटत नाही.

साँग लँग हा व्हिएतनामी सिनेमा फार कमी लोकांनी बघितलाय म्हणून जरा थांबून सांगते. १९८० च्या दशकातलं सायगाव, एक वसुली करणारा गुंड आणि एक काय लुओंगचा नट, काय लुओंग म्हणजे तिकडचं संगीत नाटक. आपल्याला संगीत नाटकाची परंपरा असल्याने ते रंगपटातले आरसे, रंग लावणं, पडद्यामागची वाद्यं लगेच आपली वाटतात. दोघं एक रात्र एकत्र घालवतात, वीज गेलेली, गप्पा, जुन्या आठवणी, आणि त्या गुंडाच्या आत दडलेला वादक हळूहळू बाहेर येतो. चुंबन नाही, कबुली नाही. तरी ही प्रेमकथा आहे यात मला जराही शंका नाही. लिओन ले यांचा हा पहिला मोठा सिनेमा, २०१८.

त्यापुढे ज्यांना आणखी खोल जायचंय त्यांनी अपिचातपाँग वीरासेताकुल यांचा ट्रॉपिकल मॅलडी घ्यावा, २००४. पहिल्या अर्ध्यात सैनिक आणि गावातला तरुण, लाजत लाजत जवळ येणारे, मग सिनेमा मध्येच तुटतो आणि दुसऱ्या अर्ध्यात तो सैनिक रात्रीच्या जंगलात एका वाघाचा माग काढतो जो वाघ कदाचित माणूस आहे. अर्थ लावायची घाई करू नका, कानांनी बघा, जंगलाचा आवाज मोठा ठेवा. आणि त्साय मिंग-लिआंग यांचा डेज, २०२०, यात सबटायटल मुद्दामच नाहीत, सुरुवातीलाच तशी पाटी येते, फाईल खराब आहे असं समजून बंद करू नका. हा पहिल्या दहात नको, नंतर.

पायरी ५: यारीदोस्तीचे सिनेमे याच कपाटात ठेवा

प्रेम आणि मैत्री यांच्यात भिंत घालून बसलात तर अर्धा आशियाई सिनेमा हातातून जातो. जॉन वू यांचे अ बेटर टुमॉरो, १९८६, आणि द किलर, १९८९, गोळ्यांचा पाऊस आहे, पण लक्ष देऊन बघा पुरुष एकमेकांसाठी कसे रडतात, कसे एकमेकांना धरून मरतात. कोरियाचा द किंग अँड द क्लाउन, २००५ च्या अखेरीस आला, एक कोटी वीस लाखांहून जास्त तिकिटं विकली गेली, मोठे तारे नसताना. दोन भटके कलावंत, एक स्त्री भूमिका करणारा, आणि त्याच्यावर लहरी राजाची नजर. यातल्या दोन कलावंतांचं एकमेकांवर कुठल्या प्रकारचं प्रेम आहे हे सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही आणि तरी कोरियातल्या घराघरातल्या लोकांनी तो डोक्यावर घेतला.

जपानचे दिग्दर्शक ओशिमा. मेरी ख्रिसमस मिस्टर लॉरेन्स, १९८३, जावामधली युद्धकैद्यांची छावणी, जपानी अधिकारी आणि ब्रिटिश कैदी, अधिकारी झालेत तेच साकामोतो, संगीतही त्यांचंच, आणि कैदी डेव्हिड बोवी. गोहातो, १९९९, सामुराईंच्या तुकडीत एक देखणा पोरगा भरती होतो आणि शिस्त आतून ढासळते.

आणि नीरज घायवान यांचा होमबाउंड, २०२५, दोन मित्र, पोलीस भरतीची स्वप्नं, मग लॉकडाऊन. तो प्रेमिकांचा सिनेमा नाही, त्याला तसा करायचा प्रयत्नही करू नये, पण जवळिकीचा नक्की आहे. माझं म्हणणं एवढंच, सिनेमाने जेवढं सांगितलंय त्याच्यापेक्षा जास्त त्याच्या तोंडात घालू नका, आणि सांगितलेलं असताना अरे ते नुसते मित्र आहेत असं म्हणून पुसूनही टाकू नका. दुसरी गोष्ट जास्त वेळा होते, आणि तिचा मला त्रास होतो.

पायरी ६: दुःखाचं प्रमाण सांभाळा

एकापाठोपाठ एक शोकांतिका बघू नका. मन बधिर होतं, आणि असंही वाटायला लागतं की अशा प्रेमाचा शेवट मरणातच व्हायचा, जे खरं नाही. जे स्वतः या वाटेवर आहेत, विशेषतः तरुण मुलं, त्यांच्यासाठी तर हे फारच महत्त्वाचं आहे. दोन जड झाले की एक हलका घ्या. तैवानचा फॉर्म्युला १७, २००४, निव्वळ गोड धमाल. मॅरी माय डेड बॉडी, तिथलाच, पोलिसाला रस्त्यावर लाल पाकीट सापडतं आणि त्याला एका मेलेल्या तरुणाशी लग्न करावं लागतं, हसता हसता शेवटी वडिलांचा प्रसंग येतो आणि रडायला येतं, पुन्हा तोच तिसरा माणूस. जपानचा हश!, २००१, दोन पुरुष आणि मूल हवं असलेली एक बाई, र्‍योसुके हाशिगुची यांचा. आणि व्हॉट डिड यू ईट यस्टरडे, मध्यमवयीन जोडपं, एक वकील एक केशकर्तनकार, रोजचा स्वयंपाक, म्हातारे होत चाललेले आईवडील. आधी मालिका आहे, मग २०२१ चा सिनेमा.

फेअरवेल माय काँक्युबाइन कधी बघायचा असंही विचारतात. चेन काइग यांचा, १९९३, कानचा सर्वोच्च पुरस्कार पाल्म दोर मिळालेला. पेकिंग ऑपेरातले दोन मित्र, एक कायम राणीची भूमिका करणारा, एक राजाची, आणि त्यांच्यात आलेली गाँग ली, आणि त्यांच्या मागे चीनचा अर्धशतकाचा इतिहास. लेस्ली च्यूंग यात आहे आणि हे काम बघितल्यावर दुसरं काही बघवत नाही काही दिवस. पण सुरुवातीचा तासभर लहान मुलांना अमानुष मारहाण आहे, लैंगिक अत्याचाराचा प्रसंग आहे, आत्महत्या आहे. सकाळी बघा, सुट्टीच्या दिवशी, झोपायच्या आधी नको.

पायरी ७: शोधायचं कसं, कुठली प्रत बघायची

एकाच सिनेमाची दोन तीन नावं असतात. सुक सुक काही ठिकाणी ट्वायलाइट्स किस नावाने सापडतो, गोहातो टॅबू नावाने. म्हणून दिग्दर्शकाचं नाव आणि वर्ष टाकून शोधा. ओटीटीवर आज असलेला सिनेमा महिन्याभरात गायब होतो, दिसला की यादीत न टाकता बघून घ्या.

लांबी तपासा, हे फार कमी लोक करतात. फेअरवेलची पूर्ण प्रत १७१ मिनिटांची आहे, अमेरिकेत कापून लावलेली प्रतही फिरत असते. थायलंडचा द लव्ह ऑफ सियाम, २००७, याची दिग्दर्शकाची प्रत थिएटरवाल्या प्रतीपेक्षा बरीच मोठी. पहिल्यांदा बघणार असाल तर थिएटरवाली चालेल. त्या सिनेमाची जाहिरात साध्या मुलामुलींच्या प्रेमकथेसारखी केली होती आणि थिएटरात बसल्यावर लोकांना कळलं की प्रेम दोन मुलांमध्ये आहे, त्यामुळे पोस्टर बघून फसू नका.

यंत्राने केलेली सबटायटल टाळा. कमी बोलणाऱ्या सिनेमात एक वाक्य चुकलं की पूर्ण नातं चुकतं. डबिंग तर नकोच, आवाज हा अर्धा अभिनय असतो.

नवीन नावं हवी असतील तर पुरस्कारांच्या याद्या उघडा. बर्लिन महोत्सवातला समलिंगी विषयांवरच्या सिनेमांचा टेडी, १९८७ पासून, कानचा क्विअर पाम, २०१० पासून, तैपेईचा गोल्डन हॉर्स, आणि मुंबईचा कशिश महोत्सव. टेडीच्या जुन्या याद्यांमध्ये आशियाई नावं शोधत बसणं हा माझा आवडता उद्योग आहे.

पायरी ८: बीएल मालिकांचं काय

बीएल म्हणजे बॉइज लव्ह, दोन मुलांच्या प्रेमाच्या मालिका. खूप जण तिथूनच येतात, आणि चांगलंच आहे. जपानची चेरी मॅजिक, थायलंडची आय टोल्ड सनसेट अबाउट यू, दोन्ही २०२० च्या, सुंदर आहेत. फक्त फरक लक्षात ठेवा, बीएलमध्ये जग बहुधा त्या दोघांच्या बाजूने असतं आणि गोष्ट ते कधी एकत्र येतात याची असते. सिनेमांमध्ये जग मध्ये उभं असतं. मालिकेची अपेक्षा घेऊन सुक सुक लावलात तर हिरमोड होईल, आणि उलटही. सनसेटवरून सिनेमाकडे यायचं असेल तर लव्ह ऑफ सियाम सगळ्यात सोपा पूल आहे.

कुणाबरोबर बघायचं

शक्यतो पहिल्यांदा एकट्याने. नंतर मित्राबरोबर. घरी दाखवायचा असेल तर काथल किंवा सबर बोंडं, कारण तिथे आईबापांना स्वतःच्या वयाचं, स्वतःसारखं कुणीतरी पडद्यावर सापडतं आणि बोलणं त्या पात्रावरून सुरू करता येतं, तुमच्यावरून नाही. सिनेमा संपल्या संपल्या कसा वाटला विचारू नका. आणि कुणी तुम्हाला यातला एखादा सिनेमा बघ म्हणून आग्रह केला तर त्याच्याबद्दल अंदाज बांधत बसू नका, सिनेमा बघा, आवडला की नाही तेवढं कळवा, त्याला अजून काही सांगायचं असेल तर तो त्याच्या वेळेने सांगेल.